पुठ्ठ्याचा किडा आणि भेकाची नजर: एका एम.एस्सी. प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

घाटमाथ्याजवळच्या एका तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय. तिथल्या प्राणिशास्त्राच्या छोट्या पदव्युत्तर विभागात मी शिकवतो. माणसांची आणि संस्थांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

बेडकाशी आमच्या विभागाचं नातं जुनं आहे. माझ्या पिढीने बेडूक पाहिला तो मेणाच्या ट्रेमध्ये, टाचण्या टोचून उताणा ठेवलेला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं, २०१४ मध्ये ते बंदच झालं. त्यानंतर ट्रे कपाटात गेले आणि त्यांच्यासोबत बेडूकही अभ्यासक्रमातून जवळजवळ गेला. हे मला खटकत होतं. विच्छेदन बंद झालं याचं दुःख मला नाही. पण ज्या प्राण्यामुळे माणसाला डोळा कसा चालतो हे कळायला लागलं, तो जिवंतपणी काय करतो हे आमच्या एकाही विद्यार्थ्याने बघितलेलं नव्हतं.

आणि बेडकाचं हे ऋण मोठं आहे. दृष्टिपटलातला लालसर रंग उजेडात विरतो हे फ्रान्झ बोल यांनी १८७६ मध्ये पाहिलं, ते बेडकात. दृष्टिचेतेतला एकेक तंतू सुटा करून हार्टलाइन यांनी १९३८ मध्ये त्याचे संदेश ऐकले, तेही बेडकाचेच: काही तंतू उजेड लागला की बोलतात, काही तो गेला की, काही दोन्ही वेळा. स्पेरी यांनी १९४४ च्या सुमारास बेडकाची दृष्टिचेता कापून डोळा १८० अंशांनी फिरवून बसवला. चेता पुन्हा वाढली, दिसायला लागलं, पण वरच्या माशीसाठी बेडूक खाली झेपावायचा, आणि कितीही दिवस गेले तरी ही चूक तो सुधारायला शिकला नाही. १९५९ मध्ये लेटव्हिन, मातुराना, मॅकलक आणि पिट्स यांनी रॅना पिपियन्स जातीच्या बेडकावर काम करून दाखवलं की डोळा मेंदूकडे चित्र पाठवतच नाही. तो आधीच निवडलेल्या बातम्या पाठवतो: इथे कड आहे, इथे काहीतरी लहान आणि गडद हलतंय, इथे अचानक अंधारलं.

हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो. त्या वर्षी एम.एस्सी. भाग दोनच्या एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारलं, "सर, हे आपल्या अंगणातल्या बेडकाला पण लागू होतं का?"

प्रश्न

तिला अंगणातला बेडूक म्हणजे भेक म्हणायचा होता. पावसाळ्यात संध्याकाळी पायरीशी येऊन बसणारा, खरबरीत पाठीचा, उड्या मारण्यापेक्षा चालणाराच जास्त. त्याचं शास्त्रीय नाव डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. गावात सगळ्यांनाच बेडूक म्हणतात, भेक हा शब्द पुस्तकातच राहिला आहे.

तिने वाचलं होतं ते योर्ग-पेटर एव्हर्ट यांचं काम. जर्मनीत, पुढे कासेल विद्यापीठात, त्यांनी युरोपातल्या ब्यूफो ब्यूफो या भेकावर अनेक वर्षं प्रयोग केले. प्रयोगाचा गाभा लहान मुलालाही समजेल इतका सरळ आहे. पुठ्ठ्याची एक काळी पट्टी घ्यायची. ती स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरकवली, म्हणजे अळी सरपटते तशी, तर भेक वळतो, रोखून बघतो आणि जीभ मारतो. तीच पट्टी, तोच वेग, तीच दिशा, फक्त पट्टी उभी धरली, तर भेक बहुतेक वेळा ढिम्म बसून राहतो. लहान चौकोन त्याला भक्ष्य वाटतो, मोठा चौकोन शत्रू. म्हणजे नुसती हालचाल किंवा नुसता आकार बघून भेकाचं ठरत नाही. आकार कोणत्या बाजूने वाढलाय आणि हालचाल कुठल्या दिशेला आहे, या दोहोंचा मेळ तो घालतो.

आमच्या भेकात हे दिसतं का? प्रकल्पाला एवढा प्रश्न पुरेसा होता. पण तिला त्याहून पुढे जायचं होतं. मेंदूत हे कुठे ठरतं, तेही तिला बघायचं होतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्या मनातला: दृष्टिचेतेवर किंवा मध्यमेंदूवर इलेक्ट्रोड लावून नोंद घ्यायची. याला मी लगेच नाही म्हटलं आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही. आमच्याकडे उपकरणं नाहीत, भूल देण्याचं प्रशिक्षण नाही, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी लागणारी नोंदणी आणि समितीची मंजुरी नाही. शिवाय जे उत्तर ठाऊक आहे ते पुन्हा मिळवण्यासाठी एका विद्यार्थिनीच्या हातून प्राण्याला इजा व्हावी, हे मला पटणारं नव्हतं.

दुसरा, संगणकावर प्रतिमान तयार करायचं. करता आलं असतं, पण भेक बघायचा तर मग राहूनच गेला असता. तिसरा, फक्त ग्रंथालयात बसून आढावा लिहायचा. त्यावर ती काही बोलली नाही, पण चेहरा उतरला.

चौथा, दोन-तीन भेक आणून काचेच्या टाकीत ठेवायचे आणि पट्ट्या दाखवायच्या. पाचवा, भेक जिथे आहेत तिथे रात्री आपण जायचं आणि त्यांना हात न लावता पट्ट्या दाखवायच्या.

मी चौथा निवडला. प्रयोगशाळेत उजेड, पार्श्वभूमी, अंतर सगळं आपल्या हातात राहील, असं मी तिला सांगितलं. एका रात्रीपुरतं आणायचं, सुई नाही, औषध नाही, मग याला प्रयोग कशाला म्हणायचं, असंही मी मनाशी म्हटलं. ते चूक होतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत प्रयोगासाठी जिवंत प्राणी वापरण्यावर देखरेख असते, आणि पकडून कोंडणं हा त्या प्राण्यासाठी त्रासच असतो. आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

पहिला प्रयत्न

जुलैतल्या एका संध्याकाळी विद्यार्थिनी आणि तिचा वर्गमित्र वसतिगृहाच्या भिंतीजवळून तीन भेक घेऊन आले. टाकीत ओली माती, पाण्याची बशी, वर जाळी. डोक्यावर ट्यूबलाइट. पट्टी काळ्या कार्डाची, अडीच मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब, बारीक तारेच्या टोकाला चिकटवलेली. विद्यार्थिनी टाकीवर वाकून ती हलवत होती.

भेक हलले नाहीत. आडवी पट्टी, उभी पट्टी, चौकोन, काहीच नाही. दोन कोपऱ्यात तोंड घालून बसले, तिसऱ्याने अंग फुगवलं आणि डोकं खाली घातलं. रात्री अकरापर्यंत बसून आम्ही वहीत एकाच शब्दाच्या ओळी लिहिल्या: प्रतिसाद नाही.

मी म्हणालो, आपली जात वेगळी असेल, हाही निष्कर्षच आहे, लिहून टाक. प्रकरणातलं हे दुसरं वळण, आणि इथेही मी घाई केली.

विद्यार्थिनीने घाई केली नाही. तिने वर्गमित्राने मोबाइलवर घेतलेलं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, प्रतिसाद आहे. पण तो पट्टीला नाही, माझ्या हाताला आहे."

चित्रणात ते स्वच्छ दिसत होतं. तिचा हात टाकीवर आला की भेक दबायचा, हात बाजूला झाला की घशाची हालचाल पूर्ववत व्हायची. भेकाच्या दृष्टीने वरून आलेली मोठी गडद वस्तू म्हणजे शत्रू. शत्रू समोर असताना भक्ष्य शोधायचं नसतं. एव्हर्ट यांच्या कामात याचा मेंदूतला धागा सापडतो: मध्यमेंदूच्या पुढचा, प्रीटेक्टम नावाचा भाग निकामी केलेले भेक मोठ्या वस्तूंवरही झडप घालायला लागले. म्हणजे एरवी हा भाग भक्ष्याकडे वळणाऱ्या यंत्रणेला आवर घालत असतो. आमचे तीन भेक निरोगी होते आणि हा आवर उत्तम चालू होता. आम्ही भीतीचा प्रश्न विचारला होता आणि भुकेचं उत्तर वहीत शोधत होतो.

त्याच दिवशी शेजारच्या शहरातल्या संस्थेत प्राणी-नीती समितीवर काम केलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकांना मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "टाकीत आणल्याशिवाय प्रश्न सुटतच नव्हता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी तिन्ही भेक उचलले तिथेच सोडले. ही जागेची काळजी महत्त्वाची असते: एका डबक्यावरचे उभयचर दुसऱ्या डबक्यावर सोडले तर त्वचेची बुरशी आणि इतर रोग पसरू शकतात.

दुसरा निर्णय: भेकाच्या घरी

आता पाचवा पर्याय. मॅडमच्या सल्ल्याने आम्ही दोन पानी टिपण लिहून प्राचार्यांकडे दिलं: पकडायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, एका भेकाला एका रात्री मोजक्याच वेळा पट्टी दाखवायची, त्याने जीभ मारली की त्या रात्रीपुरतं त्याला सोडून द्यायचं. शेवटची अट विद्यार्थिनीची. भेकाला खोटा किडा दाखवणं म्हणजे त्याच्या खाण्याच्या वेळेतून वेळ घेणं, असं ती म्हणाली.

जागा ठरवायला आठवडा गेला. दिव्याखाली भेक भरपूर यायचे, पण पंख फुटलेल्या वाळवीचा तिथे इतका सडा असायचा की पुठ्ठ्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. आणि तासाभरात पोट भरलं की ते कशालाच वळायचे नाहीत. शेवटी जुन्या व्हरांड्याचं दिव्यापासून लांबचं टोक निवडलं आणि अंधार पडल्यानंतरचा पहिला अर्धा तास. वॉचमनमामांना विश्वासात घेतलं. भेक फटीतून कधी बाहेर पडतात हे त्यांना आमच्यापेक्षा नेमकं माहीत होतं, आणि तेवढा वेळ ते त्या बाजूची फेरी पुढे ढकलायचे.

हाताचा प्रश्न वर्गमित्राने सोडवला. भंगारातल्या मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी छोटी मोटर मिनिटाला पाचेक फेरे घेते. तिच्यावर डब्याचं आठ सेंटिमीटर व्यासाचं झाकण बसवलं, त्यावर दोरा गुंडाळत जाईल असं केलं. पट्टी सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर अशी न थबकता सरकायला लागली. मुलं दोन मीटर लांब, खांबाआड. फरशी फिकट, पट्टी काळी.

पहिल्याच रात्री एक भेक वळला. दोन पावलं चालला, थांबला, मान खाली केली आणि जीभ मारली. जीभ पुठ्ठ्याला लागली, मग त्याने पुढच्या पायाने तोंड पुसलं. तोंड पुसणं हाही एव्हर्ट यांनी वर्णन केलेल्या क्रमाचा भाग: वळणं, जवळ जाणं, रोखणं, झडप, गिळणं, पुसणं. मी बारा वर्षं हा क्रम फळ्यावर लिहीत आलो होतो. प्रत्यक्षात त्या रात्री पहिल्यांदा पाहिला.

आडवी आणि उभी यांतली फसगत

मग अडचण आली. आम्ही पट्टी फरशीवर दोऱ्याच्या दिशेने चिकटवली की तिला किडा म्हणत होतो, आणि दोऱ्याला काटकोनात चिकटवली की विरुद्ध किडा. भेक दोन्हींना जीभ मारत होते. काटकोनातल्या पट्टीला किंचित कमी, पण मारत होते.

मी पुन्हा तेच म्हणालो: आपली जात वेगळी. विद्यार्थिनीने वहीत काहीच लिहिलं नाही. ती दिवसा व्हरांड्यात गेली आणि फरशीवर पालथी झोपली, गाल जमिनीला टेकवून. वर्गमित्राला मोटर चालू करायला सांगितलं. मग मला हाक मारली, "सर, तुम्ही पण झोपा."

जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरवरून पाहिलं आणि चूक लख्ख दिसली. एव्हर्ट यांच्या प्रयोगात पट्टी भेकाच्या समोर उभ्या पृष्ठभागावर असते. तिथे काटकोन म्हणजे खरोखर उभी, उंच दिसणारी पट्टी. आमची पट्टी फरशीवर सपाट होती. काटकोनात ठेवली की तिचं टोक भेकाकडे यायचं आणि भेकाच्या उंचीवरून तिची लांबी दिसतच नव्हती. दिसायचा तो एक बारकासा काळा ठिपका, सरकणारा. लहान चौकोन म्हणजे भक्ष्यच. भेक अगदी बरोबर उत्तर देत होते. आम्ही उभ्या माणसाच्या उंचीवरून प्रश्न मांडला होता.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण कोणता विचारलं तर मी हा सांगेन. लेटव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकासमोर अॅल्युमिनियमचा अर्धगोल ठेवला होता आणि त्याच्या आतल्या बाजूवर लोहचुंबकाने वस्तू हलवल्या होत्या. ही मांडणी मला आधी नुसती हुशारीची वाटायची. ती तशी का केली, हे फरशीवर गाल टेकल्यावर कळलं: काय हलतंय, कुठून कुठे, किती मोठं, हे सगळं बेडकाच्या डोळ्यापासून मोजलेलं होतं.

त्यानंतर पट्टी लहानशा बैठकीवर उभी केली. बैठकही फरशीच्याच रंगाची, नाहीतर तिलाच किडा समजले असते. आडवी पट्टी त्याच बैठकीवर, म्हणजे फरक फक्त दिशेचा.

निष्पत्ती

आता फरक उघड दिसला. आडव्या पट्टीमागे भेक वळत होते, अनेकदा चालत जात होते, जीभ मारत होते. उभी पट्टी समोरून जायची आणि ते बसून राहायचे. क्वचित एखादा वळायचा आणि तिथेच थांबायचा. मोठा चौकोन आला की दबणं, फुगणं किंवा पाठ फिरवून चालू लागणं. युरोपातल्या भेकाचं जे वर्णन आहे त्याच्याशी आमच्या व्हरांड्यातलं चित्र जुळत होतं.

प्रबंधात याहून जास्त दावा तिने केला नाही. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे डोळ्यात ठरतं की मेंदूत?" ती म्हणाली की आमच्या नोंदींवरून ते सांगता येणार नाही. मग तिने एव्हर्ट यांचं उत्तर मांडलं: दृष्टिपटलातून निघणाऱ्या पेशी आकार, वेग, उजेड-अंधाराचा फरक यांची बातमी देतात, पण किडा आणि विरुद्ध किडा हा भेद त्या वागण्याइतका नेमका करत नाहीत. मध्यमेंदूच्या टेक्टममधल्या टी-५.२ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशींचा प्रतिसाद मात्र भेकाच्या वागण्याशी जवळून जुळतो. लेटव्हिन गटाने डोळ्याला जेवढं श्रेय दिलं त्यातला काही वाटा त्यामुळे मेंदूकडे सरकतो. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न अडचणीचा विचारला.

वेगळं काय करता आलं असतं

तो प्रश्न असा: चित्रण बघून प्रतिसाद कोणी ठरवला? तिनेच ठरवला होता, आणि कुठल्या वेळी कुठली पट्टी होती हे तिला माहीत होतं. "वळला" आणि "जरासा हलला" यांतली सीमा पुसट असते. तिथे अपेक्षा नकळत हात फिरवते. पट्टीचा भाग झाकून फक्त भेक दिसेल असं चित्रण कापून तिसऱ्याच कोणाला दिलं असतं तर हा आक्षेप उरला नसता. खर्च काहीच नव्हता. मला सुचलं नाही.

दुसरी त्रुटी ओळखीची. खुणा करायच्या नाहीत हे ठरलेलं होतं, म्हणून पाठीवरच्या चामखिळींच्या मांडणीचे फोटो ठेवले. पण मंद उजेडातले ते फोटो पुरेसे स्पष्ट आले नाहीत. एकच धीट भेक चार रात्री येऊन चार वेळा मोजला गेला असण्याची शक्यता राहिली. म्हणून प्रबंधात टक्केवारी दिली नाही, प्रत्येक प्रसंगाचं वर्णन दिलं. आकडे नसल्याने गुण कमी मिळतील अशी तिला धास्ती होती. मी म्हटलं, कमी मिळाले तर मिळू देत. या एका बाबतीत मी योग्य बाजूला होतो असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट क्रमाची. आडवी पट्टी आधी आणि उभी नंतर असं बहुतेक रात्री घडलं, कारण सुरुवातीला भेक वळलेला बघायची आम्हाला उत्सुकता असायची. खोट्या किड्याला भेक लवकर सरावतो आणि मग दुर्लक्ष करतो. त्यामुळे उभ्या पट्टीकडे त्याने पाहिलं नाही यात काही भाग या सरावाचा असू शकतो. रोज नाणं उडवून क्रम ठरवायला हवा होता.

आणि टाकी. ती रात्र टाळता आली असती. प्राध्यापिकांना केलेला फोन एक आठवडा आधी केला असता तर तीन भेक एक रात्र आणि एक दिवस कोंडले गेले नसते. तो प्रसंग प्रबंधात घालायचा का, यावर आमचं बोलणं झालं. वगळलं असतं तर कोणाला कळलं नसतं. विद्यार्थिनीने तो घातला, कारण हाताला दिलेला प्रतिसाद तिथेच दिसला होता. मार्गदर्शकाचा निर्णय म्हणून त्याखाली मी सही केली.

मोटर, झाकण आणि बैठका आता ट्रेच्या कपाटात एका डब्यात आहेत. यंदा दोन मुलं तोच प्रश्न पुढे नेत आहेत: मागची फरशी फिकट नसून खडीची, डागाडागांची असली तर भेकाला पट्टी सापडते का. जूनमध्ये त्यांना पट्टी कापायला देण्याआधी मी व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि दोघांना पालथं झोपून अर्धा तास नुसतं बघायला सांगितलं. एकाने उठल्यावर विचारलं की मुंग्या एवढ्या मोठ्या दिसतात, मग भेक त्यांच्याकडे का वळत नव्हता. ते आम्ही आता बघतो आहोत.